सरासरीच्या आड गेलेली मुलं

‘लहान मुलांना करोनाची लस लागतच नाही’ हे वाक्य पुण्यात इतक्या ठामपणे उच्चारलं जातं, की त्याला पुरावा मागायचं कुणाला सुचत नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ते असतं, पालकसभेत असतं, आणि लसीकरणाच्या धोरणावर बोलणाऱ्या जाणकारांच्या तोंडीही असतं. त्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच ते घातक ठरलं. निरोगी मुलाबद्दलचं खरं विधान उचलून रक्ताच्या कर्करोगावर केमोथेरपी घेणाऱ्या सात वर्षांच्या मुलालाही जसंच्या तसं लावलं गेलं. माझा वाद त्या विधानाशी नाही. ते ज्यांना लागू नाही त्यांना लावण्याशी आहे.

प्रतिपक्षाचं जे बरोबर आहे ते आधी मान्य करतो. धडधाकट मुलाला करोना झाला तर तो बहुतेक वेळा तापाच्या दोन-तीन दिवसांत आटोपतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने मार्च २०२३ मध्ये प्राधान्यक्रम नव्याने लावला, तेव्हा सहा महिने ते १७ वर्षं वयाच्या निरोगी मुलांना सर्वांत खालच्या गटात टाकलं. आपल्याकडे हा निर्णय मोठ्या समाधानाने सांगितला जातो. मात्र त्याच कागदावर वरच्या ओळींत काय लिहिलंय ते कुणी वाचून दाखवत नाही. प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णांना त्या यादीत सर्वोच्च प्राधान्य आहे, आणि त्यात सहा महिन्यांपुढची मुलंही स्पष्टपणे धरली आहेत. इतर सहव्याधी असलेली मुलं मधल्या गटात, निरोगी प्रौढांच्या बरोबरीने आहेत. यादीतली शेवटची ओळ आपण पाठ केली आणि पहिली गाळली.

आता आपल्याकडे काय घडलं ते तारखांनिशी पाहू. १२ जानेवारी २०२१ च्या पहाटे मांजरीच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून कोव्हिशील्डच्या पेट्या घेऊन ट्रक विमानतळाकडे निघाले. १६ जानेवारीला देशभर लसीकरण सुरू झालं. १ मार्चपासून साठीपुढच्यांना आणि ४५ ते ५९ वयाच्या सहव्याधीग्रस्तांना लस मिळू लागली. त्याच वर्षी केंद्राच्या करोना कार्यगटाचे अध्यक्ष डॉ. एन. के. अरोरा यांनी जाहीरपणे सांगितलं होतं, की मुलांचं लसीकरण सुरू होईल तेव्हा आजारी मुलांना आधी घेतलं जाईल आणि त्यासाठी आजारांची यादी तयार होत आहे. प्रत्यक्षात ३ जानेवारी २०२२ ला १५ ते १८ वयाचा सरसकट गट आला आणि १६ मार्चला १२ ते १४ चा. को-विन जन्मतारीख विचारत होतं, आजार विचारत नव्हतं.

पुढचा क्रम अधिक बोलका आहे. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, महाराष्ट्राने करोनाचे सगळे निर्बंध उठवले आणि मास्क ऐच्छिक झाला. २६ एप्रिलला औषध महानियंत्रकांनी ६ ते १२ वयासाठी कोव्हॅक्सिनला आणि ५ ते १२ साठी कोर्बेव्हॅक्सला आपत्कालीन मान्यता दिली. २८ जूनला सात वर्षांपुढच्या मुलांसाठी कोव्होव्हॅक्सला मान्यता मिळाली. ही लस पुण्यात तयार होणारी, आणि मुलांवरच्या तिच्या चाचण्या पुणे परिसरातल्या केंद्रांवरही झालेल्या. म्हणजे बारा वर्षांखालच्या मुलांसाठी तीन लशी कागदावर मान्य होत्या. सरकारी कार्यक्रमात मात्र या वयोगटाचं लसीकरण कधीच सुरू झालं नाही. मास्क गेला, शाळा भरल्या, लस फाइलीत राहिली. निरोगी मुलांसाठी हे ठीकच झालं. पण ज्या मुलाच्या आईला शाळेतल्या प्रत्येक सर्दीची धास्ती होती, तिच्यासाठी संरक्षणाचा एक मार्ग बंद झाला आणि दुसरा उघडलाच नाही.

या उपेक्षेचं समर्थन करणारे युक्तिवाद अनेक आहेत. एकेक घेऊ.

पहिला युक्तिवाद आकड्यांचा. ‘मुलं करोनाने मरत नाहीत, इंग्लंडचा अभ्यास बघा.’ जरूर बघावा. साथीच्या पहिल्या वर्षात इंग्लंडमधल्या अठरा वर्षांखालच्या सुमारे एक कोटी वीस लाख मुलांपैकी करोनाने दगावली ती २५. दहा लाखांत दोन. सरासरी मुलाच्या बाबतीत यापेक्षा दिलासादायक आकडा सापडणार नाही. पण संशोधक तिथे थांबले नाहीत. ती २५ मुलं कोण होती, हेही त्यांनी तपासलं. त्यांतल्या १९ मुलांना दीर्घकालीन आजार होता. अनेकांना मेंदू व मज्जासंस्थेचं गंभीर अपंगत्व होतं. म्हणजे जो अभ्यास ‘मुलांना धोका नाही’ म्हणून पुढे केला जातो, तोच अभ्यास धोका कोणत्या मुलांना आहे त्याकडे बोट दाखवतो.

कर्करोगग्रस्त मुलांचं चित्र तर याहून स्पष्ट आहे. ४५ देशांतल्या अशा तेराशेहून अधिक करोनाबाधित मुलांची नोंद २०२१ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त प्रसिद्ध झाली. साधारण पाचातल्या एकाला करोना गंभीर वा अतिगंभीर झाला. ३.८ टक्के मुलं करोनामुळे गेली. गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत गंभीर आजाराची शक्यता श्रीमंत देशांच्या कितीतरी पट होती. निम्म्याहून अधिक मुलांच्या कर्करोगाच्या उपचारांत करोनामुळे बदल करावा लागला. केमोचं चक्र पुढे ढकललं की कर्करोग वाट पाहत नाही, हे त्या वॉर्डातल्या प्रत्येक आई-बापाला ठाऊक असतं. दहा लाखांत दोन आणि शंभरात जवळजवळ चार, या दोन आकड्यांची सरासरी काढून धोरण आखणं हे गणितही नाही आणि वैद्यकही नाही.

ही मुलं कुठे दूर नाहीत. दर काही आठवड्यांनी रक्त चढवायला येणारी थॅलेसेमियाची मुलं, नेफ्रोटिक सिंड्रोममुळे महिनोन्‌महिने स्टेरॉइडवर असलेली, टाइप १ मधुमेहासाठी दिवसातून चार वेळा इन्सुलिन टोचून घेणारी, हृदयाला जन्मजात छिद्र असलेली, डाऊन सिंड्रोमची, सेरेब्रल पाल्सीमुळे कफही नीट बाहेर टाकू न शकणारी मुलं ससूनच्या ओपीडीत केसपेपर हातात धरून बसलेली असतात. मंगळवार पेठेतल्या कमला नेहरू रुग्णालयात, रास्ता पेठेतल्या केईएममध्ये, धनकवडीच्या भारती रुग्णालयातही ती येतात. ‘मुलं’ या शब्दाने आपण धोरण बोलतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर सारसबागेत पळणारं मूल असतं. केसपेपर धरून बसलेलं मूल त्यात मोजलं जातं, पण पाहिलं जात नाही.

दुसरा युक्तिवाद: ‘सगळ्यांना होऊन गेलाय, प्रतिकारशक्ती आलीय.’ आयसीएमआरच्या चौथ्या सेरो सर्वेक्षणात, म्हणजे २०२१ च्या जून-जुलैत, सहा ते नऊ वर्षांच्या ५७ टक्के मुलांत प्रतिपिंडं सापडली होती. नंतरच्या ओमायक्रॉन लाटेने हा आकडा आणखी चढवला असणार. निरोगी मुलांसाठी हा मुद्दा वजनदार आहे. पण तो आजारी मुलाला लावताना तीन गोष्टी विसरल्या जातात. एक, अशा मुलांना घरच्यांनी जिवापाड जपलं. शाळा नाही, लग्नकार्य नाही, गणपतीत कुणाकडे जाणं नाही. संसर्गापासून सर्वांत दूर राहिलेला गट हाच होता. दोन, प्रतिपिंडं तयार करणाऱ्या पेशीच औषधांनी दाबल्या असतील, तर एकदा होऊन गेलेला संसर्गही पुरेसं संरक्षण ठेवून जाईलच असं नाही. तीन, लाटा ओसरल्यावर जन्मलेली मुलं आज बालवाडीत आहेत, आणि त्यांच्यातही जन्मजात हृदयविकाराची आणि थॅलेसेमियाची मुलं आहेत. २०२२ च्या जानेवारीत कुणाला काय झालं, याचा त्यांना काय उपयोग?

तिसरा युक्तिवाद भीतीचा आहे, आणि तो सर्वांत परिणामकारक आहे. ‘आधीच नाजूक मूल, त्याला कशाला लस टोचायची? हृदयाला सूज येते म्हणे.’ या वाक्यात दोन गैरसमज एकमेकांत गुंतले आहेत. प्रतिकारशक्ती दबलेल्या मुलांना ज्या लशी टाळाव्या लागतात, त्या जिवंत विषाणूच्या असतात; गोवर किंवा कांजिण्यांची लस त्या प्रकारची. कोव्हॅक्सिन निष्क्रिय केलेल्या विषाणूपासून बनते. कोर्बेव्हॅक्स आणि कोव्होव्हॅक्स यांत तर विषाणूच नसतो, त्याच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन असतं. त्यांच्यापासून करोना होऊच शकत नाही. हृदयाच्या स्नायूला सूज येण्याची जोखीम मुख्यतः एमआरएनए लशींबाबत पुढे आली, तीही प्रामुख्याने किशोरवयीन व तरुण मुलग्यांत, दुसऱ्या डोसनंतर. पाच ते अकरा वयात ती बरीच कमी दिसली. आपल्याकडे मुलांसाठी मान्य झालेली एकही लस एमआरएनए प्रकारची नव्हती. प्रथिनाधारित लशीच्या क्वचित दुष्परिणामांतही अशा सुजेची नोंद युरोपात झाली आहे, हे लपवायचं कारण नाही. प्रश्न तुलनेचा आहे. ज्याला आजाराचा धोका जवळपास शून्य आहे, त्याच्या तराजूत लसीचा दुर्मिळ दुष्परिणामही जड ठरू शकतो. ज्याच्या बाबतीत आजार शंभरात चार जीव घेतो, त्याच्या तराजूत तो तसा ठरत नाही. हा निर्णय मुलाला ओळखणाऱ्या डॉक्टरने आणि पालकांनी मिळून घ्यायचा असतो. आपल्याकडे निर्णयाची वेळच येऊ दिली नाही.

चौथा युक्तिवाद: ‘लस घेऊनही करोना होतोच, शिवाय ती जुन्या विषाणूची.’ पहिला भाग खरा आहे आणि गैरलागू आहे. या लशींचं मुख्य काम आता आजार गंभीर होऊ न देणं हे आहे, आणि जोखमीच्या मुलाला नेमकं तेच हवं आहे. दुसरा भाग मात्र खरा आणि लागूही आहे. २०२२ मध्ये मुलांसाठी मान्य झालेल्या तिन्ही लशी मूळ विषाणूवर बेतलेल्या होत्या. आज त्याच कुप्या आणून टोचा, अशी मागणी मी करणार नाही. पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष ‘लस नको’ हा नसून ‘अद्ययावत लस हवी’ हा आहे. ओमायक्रॉनसाठी बदललेली एमआरएनए लस पुण्याच्याच जिनोव्हाने बनवली आणि २०२३ मध्ये तिला मान्यताही मिळाली. ती होती फक्त प्रौढांसाठी. ज्या गावात विषाणू वेगळा करणारी राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था आहे, जगातल्या सर्वांत मोठ्या लसउत्पादकांपैकी एक आहे आणि एमआरएनए बनवणारी कंपनीही आहे, तिथे आजारी मुलांसाठी नवी लस नाही ही क्षमतेची अडचण म्हणता येणार नाही. कुणी मागितलीच नाही.

यावर पाचवा आक्षेप तयार असतो: ‘हा सगळा औषध कंपन्यांचा धंदा आहे.’ कंपन्या धंदा करतात, याबद्दल वाद नाही. पण हा आक्षेप इथे उलटा पडतो. धंदा असतो तो कोट्यवधी निरोगी मुलांना सरसकट लस देण्यात. दुर्मिळ आजारांची, सरकारी रुग्णालयांत विखुरलेली मुलं ही कोणत्याही कंपनीसाठी बाजारपेठ होत नाहीत. कुणाला नफा नाही, म्हणून कुणी पाठपुरावा करत नाही. अशा वेळी पुढे यायचं असतं ते सरकारने. नफेखोरीच्या नावाने सरकारलाही मागे ठेवणं म्हणजे या मुलांना बाजार आणि शासन दोघांनीही सोडून देणं आहे.

सहावा आक्षेप प्रशासकीय: ‘अशी मुलं शोधायची कशी? आजार कुणी तपासायचा?’ हा आक्षेप ऐकला की आश्चर्य वाटतं, कारण याचं उत्तर सरकारनेच मार्च २०२१ मध्ये दिलं होतं. ४५ ते ५९ वयासाठी केंद्राने वीस आजारांची यादी काढली होती. नोंदणीकृत डॉक्टरने सही केलेलं एक पानी प्रमाणपत्र दाखवलं की लस मिळत होती. त्या यादीत काय होतं? जन्मजात हृदयविकार, थॅलेसेमिया मेजर, सिकलसेल, रक्ताचा कर्करोग, अवयव प्रत्यारोपण, दीर्घकाळ स्टेरॉइड, प्रतिकारशक्तीचे जन्मजात दोष. यांतले कित्येक आजार जन्मापासूनचे आहेत. पंचेचाळिसाव्या वर्षी जो थॅलेसेमिया जोखीम ठरतो, तो आठव्या वर्षी निरुपद्रवी असतो का? यादी तयार होती, फॉर्म तयार होता, डॉक्टर तयार होते. वयाचा रकाना तेवढा बदलायचा राहिला.

मुलं शोधण्याची व्यवस्थाही आपल्याकडे इतरांपेक्षा जुनी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघरला झाली. त्याची पथकं अंगणवाड्या आणि शाळांत जाऊन मुलं तपासतात. जन्मजात हृदयदोष, डाऊन सिंड्रोम यांसारख्या तीस प्रकारच्या व्याधींची ती नोंद करतात आणि पुढच्या उपचारांना पाठवतात. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत ज्यांचे कर्करोगाचे आणि मूत्रपिंडाचे उपचार होतात, त्यांची नावं आणि निदान सरकारच्याच संगणकात असतात. आजारानुसार लस देण्याची रीतही या राज्याला नवी नाही. २०१५ पासून महाराष्ट्र गरोदर स्त्रियांना आणि मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णांना फ्लूची लस मोफत आणि ऐच्छिक स्वरूपात देत आला आहे. मोठ्यांच्या मधुमेहाला लस मिळते, मुलाच्या मधुमेहाला मिळत नाही, हा फरक कोणत्या शास्त्रात बसतो?

सातवा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: ‘करोना मागे पडला. २०२२ मध्ये गोवंडीत गोवराने मुलं गेली. पैसा आणि माणसं तिकडे लावा.’ गोवराच्या लसीकरणातला एकही रुपया करोनाकडे वळवू नये, याबद्दल माझं दुमत नाही. पण इथे मागणी लाखो मुलांच्या मोहिमेची नाहीच. ही मुलं आठवड्याला, महिन्याला त्याच रुग्णालयात त्याच डॉक्टरांकडे येतात. त्यांच्यासाठी मंडप घालावा लागत नाही, घरोघर फिरावं लागत नाही. डे-केअरच्या खाटेशेजारी शीतपेटी आणि परिचारिका एवढंच लागतं. संख्या लहान आहे ही सबब होऊ शकत नाही. उलट संख्या लहान असल्यामुळेच हे काम सोपं आहे. आणि करोना मागे पडला म्हणणाऱ्यांनी २०२५ चा मे-जून आठवावा. देशातले सक्रिय रुग्ण सात हजारांवर गेले, तेव्हा सल्ला देण्यात आला तो सहव्याधी असलेल्यांनी काळजी घेण्याचा. काळजी म्हणजे नेमकं काय, तर पुन्हा मास्क आणि पुन्हा घर.

मुलांच्या लसीबाबत जगातले सर्वांत सावध देश कसे वागले, तेही पाहण्यासारखं आहे. स्वीडनने जानेवारी २०२२ मध्ये ५ ते ११ वयाच्या सर्व मुलांना लस देण्याची शिफारस नाकारली, पण जोखमीच्या मुलांना ती उपलब्ध ठेवली. जर्मनीच्या लसीकरण आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये या वयात आधी मुख्यतः आजारी मुलांसाठी शिफारस केली. ब्रिटनच्या समितीनेही त्याच महिन्यात जोखमीची मुलं आणि प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसाच्या घरातली मुलं आधी घेतली, आणि २०२३ मध्ये सहा महिने ते चार वर्षांच्या आजारी बाळांनाही सामावून घेतलं. डेन्मार्कने २०२२ मध्ये अठरा वर्षांखालचं सरसकट लसीकरण थांबवलं, पण डॉक्टरांच्या सल्ल्याने जोखमीच्या मुलांसाठी दार उघडं ठेवलं. आणि अमेरिका? लशींबद्दलच्या संशयासाठी जगभर ओळखले जाणारे रॉबर्ट केनेडी ज्युनियर आरोग्यमंत्री असताना, निरोगी मुलांसाठीची सरसकट शिफारस काढून टाकली गेल्यानंतर, जुलै २०२५ मध्ये तिथल्या नियामकाने मॉडर्नाच्या लसीला सहा महिने ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी पूर्ण मान्यता दिली. अट एकच, मूल जोखमीच्या गटातलं असावं. संशयवाद्यांच्या राजवटीतही जी रेषा टिकली, ती आपण कधी आखलीच नाही.

आपली गाडी घसरली कुठे, याचंही उत्तर द्यायला हवं. २०२१ च्या उन्हाळ्यात ‘तिसरी लाट मुलांवर येणार’ अशी हाकाटी झाली. राज्याने बालरोगतज्ज्ञांचा कृतिगट नेमला, शहरोशहरी मुलांसाठी वेगळ्या खाटांची तयारी झाली. लाट आली, पण खाटा भरल्या नाहीत. भाकीत फसलं आणि त्याबरोबर ‘मुलं आणि करोना’ हा विषयच हास्यास्पद ठरला. आधी सगळी मुलं धोक्यात आहेत म्हणून घाबरलो, मग एकही मूल धोक्यात नाही म्हणून निश्चिंत झालो. दोन्ही वेळा चूक तीच होती: सगळी मुलं एकसारखी धरली.

म्हणून मागण्या मोजक्या आहेत. ज्या राष्ट्रीय तांत्रिक सल्लागार गटाच्या सल्ल्याने हे धोरण चालतं, त्याने बारा वर्षांखालच्या जोखमीच्या मुलांचा वेगळा विचार करून आपलं मत कारणांसह जाहीर करावं. नकार असेल तर नकाराचं कारण पालकांना कळू द्यावं. केंद्राने मुलांसाठी अद्ययावत लस बनवायला किंवा आणायला उत्पादकांना सांगावं आणि थोड्या संख्येच्या खरेदीची हमी द्यावी. राज्याने वीस आजारांची ती जुनी यादी मुलांसाठी दुरुस्त करून घ्यावी आणि बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या नोंदींशी जोडावी. पुणे महापालिकेने कमला नेहरूमध्ये आणि राज्याने ससूनमध्ये जोखमीच्या मुलांचा लसीकरण कक्ष आजच सुरू करावा. करोनाची लस येईपर्यंत तिथे फ्लूची आणि न्यूमोकॉकसची लस द्यावी. घरातल्या मोठ्यांनाही फ्लूची लस तिथेच मिळावी, कारण औषधांनी प्रतिकारशक्ती दबलेल्या मुलाचं निम्मं संरक्षण त्याच्याभोवतीच्या माणसांत असतं. यांतल्या शेवटच्या कामाला दिल्लीच्या परवानगीची गरज नाही.

निरोगी मुलांच्या पालकांनी मुलांना लस दिली नाही, तर मी त्या पालकांना दोष देणार नाही. पण आपल्या मुलाला तिची गरज पडली नाही हे सांगताना, दुसऱ्याच्या मुलालाही ती लागत नव्हती असा निकाल त्यांनी देऊ नये. तो निकाल द्यायचा अधिकार पुराव्याला आहे, आणि पुरावा आजारी मुलांच्या बाजूने आहे.